चौदा सर्व्हर, एकच रविवार: फुल बॅकअपचे वेळापत्रक कसे आखावे?

रात्रपाळी
८ डिसेंबर २०२५

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी सर्व्हर सांभाळतो. हे काम माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी आले. ज्यांच्याकडून आले त्यांनी जाताना एक वही, कपाटाची एक किल्ली आणि ‘बॅकअप आपोआप होतो’ एवढे एक वाक्य दिले. ते वाक्य मी आजवर खरे मानत आलो.

एकूण चौदा सर्व्हर आहेत. ड्रॉइंगच्या सर्व्हरवर ३.२ टीबी, सामायिक फाइलींच्या सर्व्हरवर १.८ टीबी, मेलवर १.१ टीबी, ईआरपीच्या (कारखान्याचे सारे व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ०.६ टीबी आणि उरलेल्या दहा लहान यंत्रांवर मिळून ०.९ टीबी माहिती आहे. बॅकअपसाठी एक वेगळे यंत्र आहे. त्यावर जुने डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) असून ४ टीबीच्या आठ डिस्क रेड-६ मध्ये, म्हणजे दोन डिस्क बिघडल्या तरी माहिती टिकेल अशा रीतीने, जोडलेल्या आहेत, म्हणजे वापरायला २४ टीबी मिळतात. नेटवर्कची जोडणी साध्या गिगाबिटची आहे. प्रत्येक सर्व्हरवर स्वतंत्र क्रॉन (ठरलेल्या वेळी काम सुरू करणारा प्रोग्राम) आहे आणि तो टार करून, म्हणजे फाइलींचा एकच गठ्ठा बांधून, या यंत्राच्या सामायिक फोल्डरमध्ये फाइल टाकतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री एक वाजता फुल (सगळ्या माहितीची प्रत) आणि इतर दिवशी रात्री अकराला इन्क्रिमेंटल (मागच्या बॅकअपनंतर बदललेले तेवढेच), असा वहीत उल्लेख आहे.

अडचण अशी की महिन्याचा पहिला आठवडा बॅकअप कधीच वेळेत संपत नाही, डिस्क वारंवार भरते आणि काल, ७ तारखेला, तर रविवारची पहिली पाळी सुरू झाली तेव्हा ईआरपीवर एक चलन छापायला ऑपरेटरला चार मिनिटे थांबावे लागले. वरिष्ठांनी नव्या, वेगवान स्टोरेजचे दरपत्रक मागवले आहे. खरेदीपूर्वी मला हे विचारायचे आहे की सर्व सर्व्हर एकाच वेळी सुरू न करता अर्ध्या अर्ध्या तासाच्या अंतराने सुरू केले तर पुरेल का? फुलसाठी प्रत्येक क्रॉनटॅबमध्ये ‘० १ १-७ * ०’ (मिनिट, तास, तारीख, महिना, वार या क्रमाने; वार ० म्हणजे रविवार) अशी वेळ दिलेली आहे.


कासव
८ डिसेंबर २०२५

अर्ध्या तासाचे अंतर पुरणार नाही, आणि त्याचे कारण साध्या त्रैराशिकात आहे. गिगाबिट जोडणीतून कागदावर सेकंदाला १२५ एमबी जातात, प्रत्यक्षात सारे काही सुरळीत असले तर ११० च्या आसपास. या वेगाने १ टीबी जायला सुमारे अडीच तास लागतात. तुमची बेरीज ७.६ टीबी होते, म्हणजे तारेवर दुसरे काहीही नसताना १९ तासांहून थोडे अधिक. रात्री एकला सुरू केलेले काम संध्याकाळी आठपर्यंत संपणार नाही. अर्ध्या तासात फार तर २०० जीबी सरकतात, त्यामुळे दुसरा सर्व्हर सुरू होईल तेव्हा पहिला जेमतेम दाराबाहेर पडलेला असेल आणि तासाभरात पुन्हा सगळे एकाच दारात उभे राहतील.

शिवाय चौदा प्रवाह एकाच वेळी आले तर बेरजेचा वेगही टिकत नाही. फिरणाऱ्या डिस्कला एक लांब फाइल सलग लिहिणे आवडते. चौदा फाइली एकदम लिहायला लागल्या की तिचे वाचन-लेखनाचे टोक सतत इकडून तिकडे धावते, आणि वेळ लिहिण्यात कमी, धावण्यात जास्त जातो.

आणखी एक शंका. ईआरपीचा डेटाबेस चालू असतानाच तुम्ही त्याच्या फोल्डरचा टार घेता का? तसे असेल तर तो बॅकअप आहे असे समजू नका. टार पहिली फाइल वाचतो तेव्हाची स्थिती आणि शेवटची वाचतो तेव्हाची स्थिती यांत तासभराचे अंतर पडते. पोस्टग्रेसला तसे कळवल्याशिवाय आणि मधल्या काळातील त्याच्या व्यवहारनोंदी सोबत ठेवल्याशिवाय अशा प्रतीतून डेटाबेस उभा राहीलच याची खात्री नसते.


अर्धविराम
८ डिसेंबर २०२५

कासव यांचे गणित बरोबर आहे, पण मूळ दुखणे त्याहून अलीकडे, तुम्ही दिलेल्या ओळीतच आहे.

‘एक ते सात तारीख आणि रविवार’ असे वाचून कोणालाही वाटेल की हे काम पहिल्या रविवारी चालेल. क्रॉन तसे वाचत नाही. तारखेचा रकाना आणि वाराचा रकाना हे दोन्ही भरलेले असतील, म्हणजे दोन्हींपैकी एकातही तारा (*) नसेल, तर क्रॉन त्यांच्यामध्ये ‘आणि’ न धरता ‘किंवा’ धरतो. त्यामुळे तुमचा फुल बॅकअप एक ते सात या सातही तारखांना चालतो आणि त्यानंतरच्या प्रत्येक रविवारीही चालतो. या डिसेंबरचा हिशोब केला तर १ ते ७ हे सात दिवस, शिवाय १४, २१ आणि २८, असे दहा. ज्या महिन्यात पाच रविवार असतात त्या महिन्यात अकरा. वहीत मात्र एकच लिहिलेला आहे.

फोल्डरमधील फाइलींच्या तारखा पाहून एकदा खात्री करून घ्या. आणि डिस्क भरल्यावर तुमची स्क्रिप्ट काय करते तेही पाहा, कारण मला खरी भीती त्याची वाटते.


रात्रपाळी
९ डिसेंबर २०२५

पाहिले, आणि पाहून हात गार पडले. फाइलींच्या तारखा ५, ६ आणि ७ डिसेंबर अशा तीनच आहेत. २४ टीबीमध्ये ७.६ टीबीचे तीन संच मावतात, चौथा आला की स्क्रिप्ट सर्वांत जुना संच पुसते. म्हणजे ‘आमच्याकडे तीन महिन्यांचे बॅकअप असतात’ असे मी दर लेखापरीक्षणात सांगत होतो, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यानंतर आमच्याकडे प्रत्यक्षात तीन दिवसांचेच असत. एखाद्याने नोव्हेंबरमध्ये पुसलेले ड्रॉइंग आज मागितले तर मी देऊ शकणार नाही.

डेटाबेसबद्दल कासव यांची शंकाही खरी निघाली. थेट टारच घेतला जात होता. आजपासून तो बंद करून रोज रात्री पीजी-डंप (पोस्टग्रेसचे स्वतःचे प्रत काढणारे साधन) सुरू केला आहे, आणि क्रॉनची ती ओळ सर्व चौदा ठिकाणी तूर्त बंद केली आहे.

तरीही एक कोडे उरते. १ ते ६ तारखांना बॅकअपचे यंत्र सेकंदाला ५० ते ६० एमबी लिहीत होते, ७ तारखेला मात्र तेच चौदा प्रवाह असताना १८ च्या वर गेले नाही. रविवारी असे वेगळे काय घडते?


चुंबकपट्टी
९ डिसेंबर २०२५

पहिल्या रविवारी रात्री १२ वाजून ५७ मिनिटांनी काय होते ते पाहा.

जुन्या डेबियनमध्ये सॉफ्टवेअर रेडचे पॅकेज बसवले की त्याच्यासोबत क्रॉनची एक फाइल आपोआप येते, आणि ती दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ००:५७ ला सर्व रेड संचांची तपासणी सुरू करते. प्रत्येक डिस्कचा प्रत्येक कोपरा वाचून जुळतो की नाही हे पाहिले जाते. तपासणी अत्यंत आवश्यक आहे, ती बंद करू नका. पण ४ टीबीची डिस्क संपूर्ण वाचायला, दुसरे काही काम नसतानाही, सात-आठ तास लागतात. तुमचे चौदा टार बरोबर तीन मिनिटांनी त्याच डिस्कवर येऊन उभे राहतात.

गंमत अशी की त्याच फाइलमध्ये अर्धविराम यांनी सांगितलेल्या चुकीचे उत्तरही लिहिलेले आहे. पॅकेज करणाऱ्यांना क्रॉनचा तो ‘किंवा’ ठाऊक होता, म्हणून त्यांनी वाराच्या रकान्यात फक्त रविवार ठेवला, तारखेच्या रकान्यात तारा ठेवला, आणि आजची तारीख सातपेक्षा मोठी नाही ना हे पुढच्या आज्ञेतच तपासून घेतले. तसे लिहायचे ठरवले तर क्रॉनटॅबमध्ये टक्क्याच्या चिन्हापूर्वी उलटी तिरकी रेघ द्यायला विसरू नका. क्रॉन मोकळा टक्का म्हणजे ओळ संपली असे समजतो, आणि आज्ञा अर्धवट तुटते.

तरी साध्या स्थितीत ही तपासणी इतकी जड होत नाही. डिस्कवर दुसरे काम आले की ती आपणहून मागे सरते आणि प्रत्येक डिस्कमागे सेकंदाला किमान १००० केबी एवढाच आग्रह धरते. तुमच्याकडे ती मागे सरली नाही, यावरून मला संशय आहे की कोणीतरी हा किमान वेग वाढवून ठेवलेला असावा. डिस्क बदलल्यावर फेरजुळणी लवकर व्हावी म्हणून लोक हा आकडा वाढवतात आणि काम झाल्यावर परत खाली आणायचे विसरतात.

रविवारची ही गर्दी केवळ रेडपुरती नाही. डेबियन-उबंटूवर झेडएफएस (डिस्कवर फाइली ठेवण्याची एक पद्धत) असेल तर त्याची पडताळणी दुसऱ्या रविवारी ००:२४ ला सुरू होते. माहितीपुस्तिकांतील बहुतेक नमुनेही रविवारचेच असतात. जगातील प्रत्येक सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने गृहीत धरले आहे की रविवारी रात्री तुमचे यंत्र रिकामे बसलेले असते.


नेटकी
९ डिसेंबर २०२५

आणि भोसरीत ते तसे नसते! मी स्वतः नाशिकच्या वसाहतीत काम केले आहे, म्हणून विचारते: तुमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते ना? मग फुल बॅकअप रविवारी का?

सगळ्या कारखान्यांचा वीजभार एकाच दिवशी कमी आणि उरलेले सहा दिवस जास्त असे होऊ नये, म्हणून वेगवेगळ्या भागांतील वसाहतींच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारी ठेवल्या गेल्या. तुम्ही सर्व्हरांसाठी जे करू पाहत आहात ते तुमच्या वसाहतीच्या सुट्टीत आधीच केलेले आहे. बुधवारची दुसरी पाळी सुटल्यापासून शुक्रवारच्या पहिल्या पाळीपर्यंत तुम्हाला तीस तासांची मोकळीक आहे, आणि रविवार तर तुमचा भर कामाचा दिवस.


रात्रपाळी
९ डिसेंबर २०२५

सुट्टी गुरुवारीच असते. दोन वर्षे मी दर गुरुवारी घरी बसतो आणि दर रविवारी ईआरपीच्या तक्रारी ऐकतो, पण या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात हे सुचले नाही.

चुंबकपट्टी सर, तुमचा संशय खरा ठरला. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये ७ तारखेला ००:५७ ला तपासणी सुरू झाल्याची नोंद आहे, आणि किमान वेग ५०००० केबी असा एका फाइलमध्ये कायमचा लिहून ठेवलेला सापडला. त्या ओळीच्या वर टिप्पणी आहे: ‘तात्पुरते’. वर्ष २०२१. तो आकडा परत १००० केला आहे.


बिनधागा
१० डिसेंबर २०२५

मुळात फुल बॅकअप हवाच कशाला, हा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही. रेस्टिक किंवा बोर्ग यांसारख्या साधनांत फुल आणि इन्क्रिमेंटल हा भेदच राहत नाही. फाइलींचे तुकडे करून जो तुकडा भांडारात (बॅकअप साठवण्याच्या जागेत) आधीच आहे तो पुन्हा पाठवला जात नाही, आणि प्रत्येक रात्रीची प्रत रिस्टोअर करताना पूर्ण प्रतीसारखीच वागते. ७.६ टीबी एकदा जातील, त्यानंतर रोज काही जीबी. वेळापत्रकाचा हा सारा खटाटोपच संपेल. बोर्ग घेतलात तर प्रत्येक सर्व्हरला स्वतंत्र भांडार द्या, कारण एका भांडारात एका वेळी एकालाच लिहिता येते आणि बाकीचे कुलूप उघडण्याची वाट पाहत बसतात.


चुंबकपट्टी
१० डिसेंबर २०२५

साधने उत्तम आहेत, मीही वापरतो. पण खटाटोप संपेल या मताशी मी सहमत नाही. रोजची प्रत पूर्ण प्रतीसारखी वागते खरी, पण तीस रात्रींच्या तीस प्रती जेव्हा एकाच तुकड्यावर विसंबून असतात तेव्हा तो एक तुकडा डिस्कवर सडला की तीसही रात्री जातात. त्यामुळे भांडारातील मजकूर ठरावीक काळाने मुळापासून वाचून तपासावा लागतो, आणि रेस्टिकमध्ये त्यासाठी एका वेळी ठरावीक हिस्साच तपासण्याची सोय दिलेली आहे ती याच कारणाने. म्हणजे तारेवरचा भार गेला तरी डिस्कवरचा राहिला, आणि तो कोणत्या रात्री उचलायचा हा प्रश्न पुन्हा वेळापत्रकाचाच.

शिवाय रात्रपाळी यांच्याकडे लेखापरीक्षक आहेत. महिन्याची एक स्वतंत्र, स्वयंपूर्ण प्रत टेपवर घेऊन इमारतीबाहेर ठेवा असे त्यांनी सांगितले असणार. तसे असेल तर फुल टळत नाही.


रात्रपाळी
१० डिसेंबर २०२५

तसेच सांगितले आहे. टेप अजून घेतलेली नाही, तूर्त एक बाहेरची डिस्क वापरतो.


अर्धविराम
११ डिसेंबर २०२५

तर मग फुल घ्यायचेच आहेत असे धरून लिहितो. हा प्रतिसाद लांबेल.

पहिली सूचना अशी की चौदा सर्व्हरांवरचे चौदा क्रॉन काढून टाका. वेळापत्रक चौदा ठिकाणी लिहिलेले असले की ते कोणाच्याही डोळ्यांसमोर एकत्र येत नाही, आणि एक काम लांबले तर दुसऱ्याला ते कळण्याचा मार्ग नसतो. घड्याळ पाहून निघणारे चौदाजण एकमेकांवर आदळणारच. त्याऐवजी बॅकअपच्या यंत्रावर एकच रांग ठेवा. ते यंत्र एकेका सर्व्हरकडे जाऊन माहिती ओढून घेईल, एकाचे संपले की दुसऱ्याकडे वळेल. ‘कोण किती वाजता’ हे ठरवण्याची गरजच उरत नाही, फक्त ‘कोणाच्या मागे कोण’ एवढे ठरवायचे. ओढून घेण्याचा दुसरा फायदाही मोठा आहे. आज तुमच्या चौदाही सर्व्हरांना बॅकअपच्या फोल्डरमध्ये लिहिता येते, म्हणजे त्यांतील एकात जरी खंडणीखोर व्हायरस शिरला तरी तो आधी तुमचे बॅकअपच कुलूपबंद करील.

हे हाताने लिहिलेल्या स्क्रिप्टनेही जमते, पण चौदा सर्व्हर असताना मी बॅक्युला हे बॅकअपचे सॉफ्टवेअर किंवा त्याचीच शाखा असलेले बारिओस सुचवीन. त्यात ‘पहिला गुरुवार, ००:०५, फुल’ हे सरळ शब्दांत लिहिता येते, आणि पहिला म्हणजे खरोखर पहिलाच. एका वेळी किती जॉब (बॅकअपची कामे) चालावेत हा आकडाही देता येतो. तुमच्या डिस्क आणि तार पाहता तो दोन ठेवा. एकच ठेवला तर लहान फाइलींच्या सर्व्हरवर शोधाशोध चालू असताना तार रिकामी राहते, आणि चार ठेवले तर डिस्क पुन्हा धावपळ करू लागते.

वाटणी अशी करता येईल. पहिल्या गुरुवारी एकट्या ड्रॉइंगचा फुल, हिशोबाने आठ तास. दुसऱ्या गुरुवारी सामायिक फाइली, साडेचार तास. तिसऱ्या गुरुवारी मेल, पावणेतीन तास. चौथ्या गुरुवारी दहा लहान यंत्रे, सव्वादोन तास. ज्याचा फुल ज्या गुरुवारी, त्याला उरलेल्या गुरुवारी डिफरेन्शियल (शेवटच्या फुलनंतरचे सारे बदल) आणि इतर रात्री इन्क्रिमेंटल. डेटाबेसचा डंप रोज होतोच. हे सारे तीस तासांच्या मोकळिकीत एकाच गुरुवारीही बसले असते, हे मान्य आहे. पण मग त्याच रात्री एखादा जॉब पडला तर त्याला पुन्हा चालवायला जागा राहत नाही, आणि सर्व सर्व्हरांच्या फुलचे भवितव्य एकाच रात्रीवर टांगलेले राहते.

वेळ बुधवारी रात्री साडेअकराची न ठेवता गुरुवारी ००:०५ चीच ठेवा. पहिल्या गुरुवारच्या आदल्या दिवशीचा बुधवार नेहमी पहिला बुधवार असतोच असे नाही. येत्या १ जानेवारीलाच गुरुवार आहे, त्याचा बुधवार म्हणजे ३१ डिसेंबर.

आता काही खड्डे, ज्यांत मी स्वतः पडलो आहे. बारिओसमध्ये एखाद्या सर्व्हरचा आधीचा फुल नोंदीत नसेल तर त्याचा इन्क्रिमेंटल आपोआप फुल होतो. पहिल्याच रात्री चौदाही सर्व्हर जोडलेत तर चौदाही फुल होतील आणि सारी आखणी पहिल्याच रात्री वाया जाईल, म्हणून सर्व्हर एकेक गुरुवारी जोडा. कोणत्या फोल्डरांचा बॅकअप घ्यायचा ती यादी मध्येच बदललीत तरी पुढचा जॉब फुलच होतो, त्यामुळे यादीतील दुरुस्त्या बुधवारी करा, सोमवारी नको. ‘शेवटच्या फुलला इतके दिवस झाले की नवा फुल घ्या’ अशीही एक मर्यादा देता येते. तिथे बहुतेक जण महिना म्हणून ३१ लिहितात. एका पहिल्या गुरुवारपासून पुढच्या पहिल्या गुरुवारपर्यंत एकतर २८ दिवस असतात नाहीतर ३५. जिथे ३५ पडतात तिथे ३१ ची मर्यादा मधल्याच एखाद्या कामाच्या रात्री ओलांडली जाते आणि ३.२ टीबीचा फुल शनिवारी-रविवारी सुरू होतो. ३६ तरी लिहा.

जुने संच किती दिवस ठेवायचे याचाही हिशोब याच ३५ वर अवलंबून आहे. तीस दिवसांपूर्वीची स्थिती परत आणायची असेल तर त्या दिवसाआधीचा फुल जिवंत हवा, आणि तो त्या दिवसाच्या ३५ दिवस आधीचा असू शकतो. म्हणजे ६५ दिवस. तीस दिवस हवेत म्हणून तीस दिवसांचेच संच ठेवणे ही ठरलेली चूक आहे.

शेवटी प्राधान्यक्रम. ईआरपी महत्त्वाचा म्हणून त्याला वरचा क्रमांक द्यावासा वाटेल. देऊ नका. वेगवेगळ्या प्राधान्याचे जॉब मूळ मांडणीत एकत्र चालतच नाहीत. वरच्या क्रमांकाचा जॉब रांगेत आला की चालू जॉब संपेपर्यंत तो थांबतो आणि त्याच्यामागे इतर सगळ्यांनाही थांबवून धरतो. मी एकदा अशा रीतीने एका ३०० एमबीच्या जॉबपायी अख्खी रात्र अडवून ठेवली होती. सगळ्यांना सारखाच क्रमांक द्या, फक्त बारिओसच्या स्वतःच्या नोंदवहीचा बॅकअप सर्वांत शेवटी जाईल एवढे पाहा.


नेटकी
११ डिसेंबर २०२५

एक छोटी पुरवणी. चौदापैकी एखादा सर्व्हर युटीसी (जागतिक प्रमाण) वेळेवर तर नाही ना, तेही पाहून घ्या. भारतातील गुरुवार ००:०५ म्हणजे युटीसीचा बुधवार १८:३५. सर्व्हरवर स्वतंत्र क्रॉन असताना असे एखादे यंत्र रात्री एकऐवजी सकाळी साडेसहाला, बरोबर पहिल्या पाळीच्या तोंडावर, बॅकअप सुरू करते. मध्यवर्ती रांग आली की फक्त एकाच यंत्राचे घड्याळ सांभाळावे लागते.


रात्रपाळी
११ डिसेंबर २०२५

दोन निघाले. मेल आणि हजेरीचा सर्व्हर. सकाळी साडेसहाला हजेरीच्या यंत्रापुढे रांग का लागते याचा शोध आमच्या मनुष्यबळ विभागाने वर्षभर घेतला होता.


कासव
१२ डिसेंबर २०२५

वेळापत्रक बसवताना बॅकअप झाल्याचे कळवणारा मेलही नीट बसवा, आणि तो न आल्यास कोणाला कळेल तेही ठरवा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या एका अभियंत्याकडून थकल्या रात्री मुख्य डेटाबेसचे फोल्डर पुसले गेले. त्यानंतर कळले की त्यांचा रोजचा डंप निघतच नव्हता, कारण डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा होता आणि डंप घेणारे साधन ९.२ चे. डंप दर वेळी चूक दाखवून थांबत होता, चुकीचा मेलही निघत होता, पण मेल घेणारा सर्व्हर तो मेल पडताळणीत नाकारत होता. कोणाकडेही तक्रार आली नाही म्हणून सारे ठीक चालले आहे असेच सर्वांना वाटले. सुमारे सहा तासांपूर्वी कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी हाताने एक स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या स्थितीची प्रत) घेतला होता, त्यावरून ते परत उभे राहिले. मधल्या सहा तासांतील नोंदी गेल्याच. हे सर्व त्यांनी स्वतःच जाहीरपणे लिहिले, हे विशेष.

तुम्ही आता रोज डंप घेत आहात. तो रात्री कोणत्या आवृत्तीच्या साधनाने निघतो ते पाहा, आणि फाइलचा आकार कालच्यापेक्षा निम्म्यावर आला तर बोंब मारणारी एक ओळ स्क्रिप्टमध्ये घाला.


चुंबकपट्टी
१२ डिसेंबर २०२५

महिन्यात पाच गुरुवार आले तर पाचवा मोकळा ठेवा. त्या रात्री काहीही घ्यायचे नाही, त्या दिवशी परत आणून पाहायचे. २०२६ मध्ये जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि डिसेंबर अशा पाच महिन्यांत पाचवा गुरुवार आहे. वर्षाला पाच चाचण्या म्हणजे चैन आहे, बहुतेकांची एकही होत नाही.


रात्रपाळी
३० जानेवारी २०२६

उशिरा लिहितो आहे, पण एक पूर्ण महिना झाल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

बारिओस बसवले, सर्व्हर एकेक गुरुवारी जोडले. ड्रॉइंगच्या फुलला आठ तासांऐवजी ११ तास २० मिनिटे लागली, कारण त्यावर लहान लहान फाइलींचा ढीग आहे आणि प्रत्येक फाइल उघडण्या-मिटण्यातच वेळ जातो. तरी १ जानेवारीला तो दुपार होण्याआधी संपला आणि कारखान्यात ते पाहायला कोणीच नव्हते. मेलला जवळजवळ हिशोबाइतकाच वेळ लागला. पहिल्या रविवारी, ४ तारखेला, रेडची तपासणी ००:५७ ला सुरू होऊन सकाळी नवाच्या सुमारास एकटीच संपली. त्या दिवशी ईआरपीची एकही तक्रार आली नाही. नव्या स्टोरेजचे दरपत्रक वरिष्ठांनी बाजूला ठेवले आहे, आणि त्यातल्या थोड्या पैशांत टेप घेता येईल का असे आता मी विचारले आहे.

काल, २९ तारखेला, पाचवा गुरुवार होता. चुंबकपट्टी सरांच्या सांगण्यावरून एका रिकाम्या यंत्रावर ईआरपीचा डंप उतरवून पाहिला. तक्ते सगळे आले, नोंदींची संख्या जुळली, आणि तरीही ईआरपी उघडेना. दीड तास डोके खाजवल्यावर कळले की पीजी-डंप एका डेटाबेसचा मजकूर घेतो, पण पोस्टग्रेसचे वापरकर्ते आणि त्यांचे पासवर्ड हे त्या डेटाबेसच्या आत नसतातच. ते संपूर्ण सर्व्हरचे असतात आणि पीजी-डंप-ऑलने वेगळे घ्यावे लागतात. ईआरपी ज्या वापरकर्त्याच्या नावाने आत शिरते, तो नव्या यंत्रावर जन्मलेलाच नव्हता. ती फाइल निघाली तेव्हा जेमतेम ४ केबीची. रोजच्या रांगेत डंपच्या आधी तिचा जॉब घातला आहे, आणि ३० एप्रिलच्या गुरुवारी तोच डंप पुन्हा त्याच रिकाम्या यंत्रावर उतरवणार आहे.